परदेशातील मूल दत्तक घेताना होणारे गृह अध्ययन : नाशिकच्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दत्तक इच्छुक दांपत्याच्या घरी समाजसेविका पहिल्यांदा येते, त्या दिवशी सकाळपासून घरात आवराआवर चाललेली असते. पडदे धुतलेले असतात, ओट्यावर पोहे झाकून ठेवलेले असतात, आणि घरातली वडीलधारी माणसे नव्या कपड्यांत, अवघडून, सोफ्याच्या कडेला बसलेली असतात. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात गृह अध्ययनाच्या, म्हणजे दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला घरी भेटून त्याविषयी अहवाल लिहिण्याच्या, भेटी करताना हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी त्या माणसांना एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटली आहे. ही घराच्या टापटिपीची परीक्षा नाही. आपले मूल परदेशातून येणार असेल, तर त्या देशातला एक अधिकारी, ज्याने नाशिक कधी पाहिलेले नाही आणि ज्याला इंदिरानगर कोठे आणि निफाड कोठे हे ठाऊक नाही, तो केवळ या अहवालाच्या पानांवरून ठरवणार असतो की त्याच्या देशातले एक मूल या घरात पाठवावे की नाही. अहवालात जे लिहिलेले नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून पुढचे सारे मार्गदर्शन या एका वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

अर्ज कोठे आणि कोणाकडे

परदेशातील मूल दत्तक घेण्याची प्रक्रिया दोन चौकटींत चालते. पहिली म्हणजे आंतरदेशीय दत्तकाविषयीचा २९ मे १९९३ चा हेग करार, ज्याला भारताने ६ जून २००३ रोजी मान्यता दिली. दुसरी म्हणजे आपला बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि त्याखालील दत्तक विनियम, २०२२. या दोहोंच्या अंमलबजावणीसाठी भारताचे केंद्रीय प्राधिकरण म्हणून दिल्लीतील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘कारा’, काम पाहते. राज्य पातळीवर राज्य दत्तक संसाधन संस्था आणि जिल्हा पातळीवर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे तिचे हातपाय आहेत.

हेग कराराचा १४ वा अनुच्छेद सांगतो की, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी आपण ज्या देशात राहतो त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. नाशिकमध्ये राहणाऱ्या दांपत्याने थेट दुसऱ्या देशातील अनाथालयाशी पत्रव्यवहार सुरू करणे ही म्हणूनच चुकीची सुरुवात आहे, मग त्या अनाथालयाचा पत्ता एखाद्या विश्वासू परिचिताने दिलेला असला तरीही. पहिले पत्र काराकडे जावे. त्या पत्रात कोणत्या देशातील मूल, कोणत्या कारणाने, नात्यातले की अनोळखी, आणि आपली नागरिकत्वाची व वास्तव्याची स्थिती काय, एवढे स्पष्ट असावे.

येथे देशाची चौकशी आधीच करणे अत्यंत महत्त्वाचे आहे. सर्वच देश आपली मुले परदेशी पाठवत नाहीत. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केले. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये रक्ताचे नाते असलेले व सावत्र पालक वगळता इतर सर्वांसाठी तो मार्ग बंद केला. शेजारच्या नेपाळने २००९ मध्ये हेग करारावर स्वाक्षरी केली, पण पुढची मान्यता दिलेली नाही. ज्या देशातून मूल येण्याची शक्यताच नाही, त्या देशासाठी गृह अध्ययन करून घेण्यात पालकांचे महिने वाया जातात आणि त्यांचे मन मोडते. हे मी जवळून पाहिले आहे.

आपल्याकडे अशी जी प्रकरणे येतात, त्यांत नात्यातल्या मुलाचे प्रकरण वारंवार येते. परदेशात स्थायिक झालेली बहीण किंवा भाऊ अपघातात गेला, मुलाकडे तिकडचा पासपोर्ट आहे, आणि नाशिकमधील मामा-मामी किंवा काका-काकू त्याला आपलेसे करू इच्छितात. अशा वेळी घरच्या मंडळींना वाटते की आपलेच रक्त आहे, गुरुजींना बोलावून दत्तकविधान केले आणि दत्तकपत्र नोंदवले की काम झाले. ते पुरेसे नाही. विनियमांप्रमाणे आवश्यक औपचारिकता प्रथम त्या देशात, त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पूर्ण व्हाव्या लागतात. गृह अध्ययन अहवाल, मुलाची माहिती व पार्श्वभूमी सांगणारा ‘मुलाचा अभ्यास अहवाल’ आणि मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल हाती आल्यावर कारा हेग कराराच्या अनुच्छेद ५ व १७ प्रमाणे आपली मान्यता देते. नाते असल्यामुळे गृह अध्ययन टळत नाही. एवढेच की, कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क ठेवू नये, हा अनुच्छेद २९ चा नियम कुटुंबातील दत्तकाला त्याच कडकपणे लागू होत नाही.

पात्रता : भेटीच्या आधी स्वतःच तपासून पाहण्याच्या गोष्टी

दत्तक घेणारे शारीरिक, मानसिक व भावनिकदृष्ट्या स्थिर आणि आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत, त्यांना जिवावर बेतणारा आजार नसावा, ते कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेले नसावेत आणि बालहक्कांच्या उल्लंघनाच्या प्रकरणात आरोपी नसावेत, हा विनियमांचा पाया आहे. दांपत्याच्या बाबतीत दोघांचीही संमती लागते आणि किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते. नातेवाइकांकडून व सावत्र पालकांकडून होणाऱ्या दत्तकाला ही दोन वर्षांची अट नाही. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकटा पुरुष मुलगी दत्तक घेऊ शकत नाही. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे.

वयाची कमाल मर्यादा दांपत्याच्या एकत्रित वयावर मोजली जाते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ वर्षे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० आहे. एकट्या पालकासाठी हेच आकडे अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ आहेत. नात्यातील दत्तकाला ही वयोमर्यादा लागू नाही. मात्र मूल पाठवणाऱ्या देशाच्या स्वतःच्या अटी या सर्वांवर वेगळ्या लागू होतात, आणि दोन्हींत जी अधिक कडक असेल तीच प्रत्यक्षात आपली अट ठरते.

घर स्वतःच्या मालकीचे असावे किंवा उत्पन्न अमुक रकमेच्या वर असावे, अशी कोणतीही अट विनियमांत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना या समजुतीमुळे अकारण माघार घेताना मी पाहिले आहे, म्हणून हे ठळकपणे सांगते.

कागदपत्रांची जुळवाजुळव

कागदांची यादी तशी मोठी नाही : कुटुंबाचे अलीकडचे छायाचित्र, पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, मागील वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा, विवाहाचे प्रमाणपत्र, लागू असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला, दीर्घकालीन, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नसल्याचे व दत्तक घेण्यास योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, परिचित किंवा नातेवाईक अशा दोघांची शिफारसपत्रे, आणि घरात पाच वर्षांहून मोठे मूल असेल तर त्याची संमती. परदेशी पाठवायच्या संचासाठी याशिवाय पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. परदेशात वापरायचा असल्यामुळे तो पासपोर्ट सेवेमार्फत अर्ज करून घ्यावा.

यादी छोटी असली तरी आपल्याकडे सर्वाधिक वेळ जातो तो नावांच्या घोळात. पत्नीच्या दहावीच्या सनदेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर मधले नाव वडिलांचे, आणि पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग निराळे, हे नाशिकच्या घराघरांत सापडते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, पण परदेशातील वाचकाला त्या चार वेगवेगळ्या स्त्रिया दिसतात. भेटीच्या किमान दोन महिने आधी सर्व कागद एका टेबलावर पसरून प्रत्येकावरील नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावी. जेथे दुरुस्ती शक्य आहे तेथे ती करावी, आणि जेथे नाही तेथे या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.

विवाह नोंदणीचेही असेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेक जोडप्यांकडे लग्नपत्रिका आणि छायाचित्रांचा अल्बम असतो, पण प्रमाणपत्र नसते. महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात उशिराने नोंदणी करता येते. त्यासाठी तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी हयात नसतील किंवा साक्षीदार दूरगावी असतील तर याला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

उत्पन्नाच्या पुराव्याबाबत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करणाऱ्यांना अडचण येत नाही. पगारपत्रक आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र पुरते. प्रश्न येतो तो दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागातील द्राक्ष बागायतदारांचा, कारण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने विवरणपत्रात ते धडपणे दिसत नाही. अशा कुटुंबांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, निर्यातदाराकडील किंवा बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचे खातेउतारे तीन वर्षांचे एकत्र द्यावेत. एका वर्षी माल चांगला जातो, दुसऱ्या वर्षी गारपीट सारी बाग झोडपून काढते. हे वास्तव अहवालात मोकळेपणाने लिहिलेले असले आणि त्यासोबत पीककर्ज, विमा व शिल्लक यांची माहिती असली, तर वाचणाऱ्याला कुटुंब डळमळीत वाटत नाही. ते संकटातून उभे राहणारे दिसते. कर्ज लपवू नये.

वैद्यकीय प्रमाणपत्र घेताना डॉक्टरांकडून ‘तंदुरुस्त आहे’ एवढे एक वाक्य लिहून घेऊन परतू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो केव्हापासून आहे, कोणते औषध चालू आहे, नियंत्रणात आहे का आणि मूल वाढवण्याच्या आड येतो का, याची नोंद हवी. नियंत्रणातला मधुमेह दत्तकाच्या आड येत नाही. लपवलेला मधुमेह मात्र संपूर्ण अहवालाची विश्वासार्हता घालवतो.

एकदा संच पूर्ण झाला की मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि मूल पाठवणारा देश ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून लावले जाणारे प्रमाणीकरण) कराराचा सदस्य असेल तर राज्य शासनाच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल घ्यावे. सदस्य नसेल तर त्या देशाच्या वकिलातीकडून प्रमाणीकरण लागते. हे काम शेवटी करावे, कारण काही दाखल्यांची मुदत लवकर संपते.

स्वयंमूल्यांकनाचा भाग

गृह अध्ययनाच्या नमुन्यात पालकांनी स्वतः भरायचा एक भाग असतो. त्यात दत्तकाचे कारण, पती-पत्नीचे नाते, स्वतःचे बालपण, मूल वाढवण्याविषयीच्या कल्पना आणि मुलाला दत्तकाविषयी कसे सांगणार, असे प्रश्न येतात. सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या टायपिस्टकडे देऊन हा भाग ‘छान’ लिहून घेण्याची पद्धत आहे. ती कृपया सोडा. समाजसेविका तीच वाक्ये तुमच्या तोंडून ऐकायला येणार असते, आणि कागदावरची भाषा व घरातली भाषा जुळली नाही की प्रश्न वाढतात. मराठीत, स्वतःच्या शब्दांत, पती-पत्नींनी आधी वेगवेगळे बसून लिहावे आणि मग एकमेकांचे वाचावे. पहिल्या कागदांत मतभेद निघाले तर ते खोडू नका. मूल आल्यावर नोकरी कोण सोडणार, मूल रात्री रडत उठले तर जवळ कोण घेणार, हे प्रश्न भेटीच्या आधी घरात बोलून झालेले असणे हीच खरी तयारी आहे.

कारणाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण अहवालाचा गाभा तेथे आहे. मूल होत नाही म्हणून मूल हवे, हे प्रामाणिक कारण आहे. त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. पण ‘परदेशातलेच मूल का’ या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागते. नात्यातले मूल असेल तर उत्तर उघड असते. नसेल तर आपण त्या देशात राहिलो आहोत का, तेथील भाषा येते का, त्या मुलाची विशिष्ट गरज पूर्ण करण्याची आपली पात्रता आहे का, असे काही ठोस हवे. ‘गोरे बाळ हवे’ हे वाक्य मी नाशिकच्या सुशिक्षित घरात ऐकले आहे, आणि ते ऐकून मनापासून वाईट वाटले. या इच्छेने निवडलेले मूल आयुष्यभर आपल्या कातडीकडे पाहिले जात असल्याचे ओळखते. समाजसेविकेने हे अहवालात नोंदवलेच पाहिजे, आणि पालकांनी तिच्यावर रागावण्याऐवजी स्वतःच्या मनाशी थांबून विचार केला पाहिजे.

प्रत्यक्ष भेट

अहवाल मान्यताप्राप्त विशेष दत्तक संस्थेची समाजसेविका तयार करते; जवळपास अशी संस्था नसेल तर राज्य संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या पॅनेलवरील व्यक्ती येते. नाशिककरांना दत्तक म्हटले की घारपुरे घाटावरचा आधाराश्रम आठवतो, आणि शहरात या विषयाची जाण वाढण्यात अशा संस्थेचा मोठा वाटा आहे. तरीही परदेशातील मुलाच्या प्रकरणात अहवाल कोणी करायचा हे काराच्या पत्रावरून नक्की करून घ्यावे. कागदपत्रे सादर झाल्यापासून ६० दिवसांत अहवाल पूर्ण करण्याची मुदत २०२२ च्या विनियमांत आहे.

शुल्काविषयी संकोच न बाळगता विचारा. देशांतर्गत दत्तकासाठी नोंदणी व गृह अध्ययन मिळून ६,००० रुपये ठरलेले आहेत. तुमच्या प्रकरणात किती भरायचे ते लेखी घ्या आणि पावतीखेरीज एक रुपयाही देऊ नका. भेटीच्या दिवशी पाकीट, साडी, द्राक्षांची पेटी असे काही देऊ करू नये. चहा-पोहे आदरातिथ्य म्हणून ठीक, त्यापुढे नको.

भेटीत दांपत्याशी एकत्र, नंतर दोघांशी वेगवेगळे, आणि घरातील प्रत्येक सदस्याशी बोलणे होते. आपल्याकडे सुनेला सासूसमोर मोकळेपणी बोलता येत नाही, हे गृहीत धरून समाजसेविका स्वतंत्र खोली मागते. त्यात अविश्वास नाही. घरातील मोठ्या मुलाशीही एकट्याने बोलणे होते. ‘दादा होणार म्हणून तुला आनंद झाला ना?’ असे पढवून ठेवलेले मूल लगेच ओळखू येते. त्याला खोली वाटून घ्यावी लागणार आहे, आईचा वेळ कमी होणार आहे, हे त्याला आधीच सांगितलेले असावे आणि त्याने कुरकुर केली तरी ती खरी कुरकुर चालते.

इंदिरानगरमधील एका घरी वयस्कर आजी पूर्ण वेळ कोपऱ्यात गप्प बसून होत्या. मुलगा-सून सारखे सांगत होते की आईची काहीच हरकत नाही. शेवटी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी हळूच विचारले, ‘‘ताई, त्याला आमचा वरणभात गोड लागेल ना? नाहीतर उपाशी राहील लेकरू.’’ त्या एका प्रश्नातून त्या घराविषयी मला जेवढे कळले, तेवढे तीन फायलींतून कळले नसते. मी तो अहवालात जसाच्या तसा लिहिला.

घराच्या सुरक्षेची पाहणी भेटीत होतेच. पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या जाळीतील अंतर, गच्चीचे दार, पाण्याच्या टाकीचे झाकण, गॅस सिलिंडर, औषधांचा डबा हे पाहिले जाते. ग्रामीण भागात मात्र एक धोका असा आहे की ज्याकडे घरच्यांचे वर्षानुवर्षे लक्ष जात नाही, तो म्हणजे शेततळे. निफाडकडच्या एका बागेत घरापासून चाळीस-पन्नास पावलांवर शेततळे होते, काळे प्लास्टिक अंथरलेले, कडा उतरत्या आणि गुळगुळीत. त्यात पडलेल्या मुलाला बाहेर येण्यासाठी हात धरायला काहीही नसते. पोहता येणारा मोठा माणूसही त्या प्लास्टिकवरून घसरत राहतो. तळ्याभोवती तारेचे कुंपण, कुलूपबंद फाटक आणि आत पडल्यास धरून बाहेर येता यावे म्हणून गाठी मारलेला दोर किंवा शिडी, एवढे केल्याशिवाय मी पुढचा कागद भरला नाही. कुटुंबाने आठ दिवसांत कुंपण घातले. फवारणीची औषधे आणि रिकाम्या बाटल्या घराच्या ओसरीत ठेवण्याची सवयही अशीच आहे. त्यांना घरापासून दूर, कुलूप लागणारी जागा हवी.

मुलासाठी स्वतंत्र खोली नसली तरी चालते. पण मूल कोठे झोपेल, त्याचे कपडे-दप्तर कोठे राहील, ते दुपारी शाळेतून आल्यावर घरी कोण असेल, याचे उत्तर जागा दाखवून देता आले पाहिजे. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी तिन्ही पाळ्यांच्या आठवड्यांचे वेळापत्रक कागदावर मांडून ठेवावे. याशिवाय दोघा पालकांचे काही बरेवाईट झाले तर मुलाला कोण सांभाळेल हा प्रश्न येतोच, आणि त्याला ‘अभद्र बोलू नका’ हे उत्तर होत नाही. काका-काकू, मावशी, जे कोणी तयार असतील त्यांना आधी विचारून, त्यांचे वय व परिस्थिती पाहून, त्यांच्या सहीचे पत्र घ्यावे. एकट्या पालकाला तर हे पत्र द्यावेच लागते.

परदेशी मुलासाठीची विशेष तयारी

हेग कराराच्या १५ व्या अनुच्छेदात अहवालात काय असावे याची यादी आहे : पालकांची ओळख, पात्रता व योग्यता, पूर्वायुष्य, कौटुंबिक व वैद्यकीय इतिहास, सामाजिक वातावरण, दत्तकाची कारणे, आंतरदेशीय दत्तक पेलण्याची क्षमता, आणि कोणत्या प्रकारच्या मुलाची काळजी हे पालक घेऊ शकतील. शेवटचे दोन मुद्दे देशांतर्गत अहवालात फारसे विस्ताराने येत नाहीत, आणि येथे मात्र त्यांवरच निर्णय होतो.

पहिला प्रश्न भाषेचा. सहा वर्षांचे मूल स्पॅनिश बोलत येणार असेल, तर ‘शिकेल की मराठी, मुले लवकर शिकतात’ हे उत्तर अपुरे आहे. पहिल्या रात्री त्याचे पोट दुखले तर ते तुम्हाला कसे सांगेल? निदान भूक, तहान, दुखणे, भीती, शौचास जाणे आणि ‘मी येथेच आहे’ एवढे शब्द त्याच्या भाषेत पालकांना आणि आजी-आजोबांना यावेत, आणि ते शिकायला सुरुवात झाल्याचे अहवालात दिसावे. शाळेचे माध्यम कोणते, वर्षाच्या मध्यात प्रवेश मिळेल का, याची चौकशी एका शाळेत प्रत्यक्ष जाऊन केलेली असावी.

दुसरा प्रश्न ताटाचा, आणि आपल्या घरांत तो सर्वांत अवघड. शाकाहारी कुटुंबात मासे किंवा मांस खाऊन वाढलेले मूल आले तर काय? काहींना वाटते की लहान आहे, विसरेल. पण अन्न हेच त्या मुलाजवळ उरलेले ओळखीचे जग असते. घरात शिजवणे शक्य नसेल तर बाहेर नेऊन खाऊ घालू, वेगळे भांडे ठेवू, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बदल करू, यांपैकी कुटुंबाने काय ठरवले आणि त्यावर घरातील ज्येष्ठांचे काय म्हणणे आहे, ते लिहिलेले असावे. मुलाच्या खाण्याला घाण म्हणणार नाही, एवढी हमी तर हवीच.

तिसरा प्रश्न नावाचा आणि दिसण्याचा. मोठ्या मुलाचे नाव बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. हवे तर त्यापुढे आपले नाव जोडावे. त्याचे डोळे, केस, रंग वेगळे असतील तर सोसायटीत, शाळेत, लग्नकार्यात लोक विचारणारच, आणि तेही मुलासमोर. ‘कुठून आणला?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे पालकांनी, आजी-आजोबांनी आणि भावंडांनी मिळून ठरवलेले असावे. दत्तक असल्याचे लपवणे परदेशी मुलाच्या बाबतीत शक्यच नसते, म्हणून त्याच्या देशाची छायाचित्रे, एखादे खेळणे, त्याच्या कागदांची प्रत जपून ठेवण्याची योजना अहवालात असावी.

मुलाच्या प्रकाराविषयी लिहिताना फार घाई होते. आंतरदेशीय दत्तकासाठी उपलब्ध होणारी मुले अनेकदा मोठी असतात, भावंडांसह असतात किंवा त्यांना विशेष वैद्यकीय गरजा असतात. तान्हे आणि निरोगीच बाळ हवे असा आग्रह असेल तर तो स्पष्ट लिहावा आणि वाट पाहण्याची तयारी ठेवावी. विशेष गरजा असलेले मूल स्वीकारणार असाल तर कोणत्या गरजा पेलतील ते नेमके सांगावे आणि नाशिकमध्ये त्यासाठी कोणते उपचार मिळतात, कोणत्यांसाठी मुंबई-पुण्याला जावे लागेल, हे आधी पाहून यावे. ‘कोणतेही चालेल’ हे उत्तर उदार वाटते, परंतु वाचणाऱ्याला ते विचार न केल्याचे लक्षण वाटते.

आणि एक गंभीर सूचना. गृह अध्ययन चालू असताना समाजमाध्यमांवरून किंवा दलालांकडून ‘बाळ लगेच मिळवून देतो’ असे निरोप येतात. हेग करार दत्तकातून अनुचित आर्थिक लाभ घेण्यास मनाई करतो, आणि आपल्याकडे मुलाच्या खरेदी-विक्रीला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. अशा निरोपाला उत्तर न देता तो जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दाखवावा.

अहवाल हाती आल्यावर

पूर्ण झालेला अहवाल पालकांना दाखवला जातो. तो शांतपणे, दोघांनी मिळून, प्रत्येक तारीख व प्रत्येक स्पेलिंग तपासत वाचावा. वस्तुस्थितीची चूक लेखी कळवावी. मत पटले नाही म्हणून ते बदलून मागू नये. अपात्र किंवा अयोग्य ठरवल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध काराकडे अपील करता येते. बऱ्याचदा कारण दुरुस्त होण्याजोगे असते, जसे ते शेततळ्याचे कुंपण.

अहवालाची वैधता तीन वर्षांची असते. या काळात पत्ता बदलला, नोकरी गेली, घरात कोणी वारले, गंभीर आजार उद्भवला किंवा गर्भधारणा झाली, तर ते त्वरित कळवून पुरवणी अहवाल करून घ्यावा. जुना अहवाल तसाच पुढे गेला आणि परदेशात ते उघड झाले, तर प्रकरण तेथेच थांबू शकते. दत्तकानंतर किती वर्षे आणि किती अंतराने प्रगती अहवाल पाठवायचे हे मूल पाठवणारा देश ठरवतो. तो भार आपण उचलू असे लेखी मान्य करण्यापूर्वी समाजसेविकेशी बोलून घ्यावे, कारण ती भेट पुन्हा याच घरात होणार असते.

परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या मुलासाठी त्या देशातील भारतीय दूतावासाकडे प्रवेश व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि इमिग्रेशनची मंजुरीही दूतावासामार्फत घ्यावी लागते. मूल भारतात आल्याने आपोआप भारतीय नागरिक होत नाही. नागरिकत्वाचा अर्ज स्वतंत्र आहे. या प्रत्येक टप्प्यावर गृह अध्ययन अहवाल, काराची मान्यतापत्रे आणि दत्तक हेग करारानुसार झाल्याचे अनुच्छेद २३ खालील प्रमाणपत्र यांच्या प्रती मागितल्या जातात. त्यांचे तीन प्रमाणित संच करून एक प्रवासात हातातल्या पिशवीत, एक घरी आणि एक ज्यांनी पर्यायी पालकत्वाचे पत्र दिले आहे त्या नातेवाइकांकडे ठेवावा.